आधी अक्षरे, मग आख्यायिका: विमानाच्या लाकडी पंख्याची ओळख कशी पटवावी?

१/
समजा, दारव्ह्याच्या किंवा पुसदच्या एखाद्या जुन्या वाड्याचा माळा आवरताना, कापसाच्या रिकाम्या पोत्यांखाली आठ-नऊ फूट लांबीचे एक गर्द तपकिरी लाकूड सापडले. दोन्ही बाजूंना पीळ दिलेली पाती, मधोमध मोठे भोक, त्याभोवती आठ लहान भोके, पात्यांच्या टोकांना पितळी पत्रा. घरातील वडीलधारे सांगतात, ‘हा विमानाचा पंखा. निजामाच्या विमानाचा. आजोबांच्या वेळेपासून इथेच आहे.’ दुसऱ्या दिवशी त्याचे छायाचित्र गावभर फिरते. तिसऱ्या दिवशी सुतार येतो, पॉलिशपेपर मारतो, वर लाखेचा हात देतो. चौथ्या दिवशी पंखा दिवाणखान्यात झळाळत असतो. त्याच्यावरचा इतिहास मात्र माळ्याखालच्या अंगणात भुसा होऊन पडलेला असतो.

२/
प्रसंग कल्पित आहे, पण जुन्या वस्तूंशी आपल्याकडे होणारा व्यवहार असाच असतो. गोष्ट आधी ठरते, वस्तू नंतर पाहिली जाते. या धाग्याचे म्हणणे असे की साक्ष देण्याचा पहिला मान वस्तूला मिळाला पाहिजे. लाकडी प्रोपेलरच्या बाबतीत तर तो मिळायलाच हवा, कारण जुन्या यंत्रभागांमध्ये इतका बोलका भाग क्वचितच सापडतो. पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) ब्रिटिश प्रोपेलरच्या मधल्या जाड भागावर, म्हणजे बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो तशा गाभ्यावर, कारखान्यात पोलादी ठशांनी अक्षरे आणि आकडे ठोकलेले असत. ते वरवर रुतलेले असतात. वार्निशाच्या जुन्या थराखाली ते शंभर वर्षे टिकतात आणि पॉलिशपेपरच्या चार हातांत नाहीसे होतात.

३/
यवतमाळच्या माणसाला ही भाषा परकी वाटू नये. वनखात्याच्या डेपोत सागाच्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर हातोड्याने उमटवलेला शिक्का आणि क्रमांक असतो. शिक्का नसलेला ओंडका दिसला की वनरक्षकाच्या मनात पहिला संशय चोरट्या तोडीचा येतो. लाकूड कुठले, कुणी मोजले, कुणी पास केले, हे लाकडावरच लिहिलेले असावे हा नियम या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. विमानाच्या पंख्याला तोच नियम लागू होता, आणि अधिक कडकपणे. ओंडक्याच्या हिशेबात चूक झाली तर महसूल बुडतो. पंख्यात चूक झाली तर वैमानिक मरतो.

४/
आता ती अक्षरे.

सर्वांत उपयुक्त ओळ इंजिनाची. किती अश्वशक्ती आणि कोणते इंजिन, हे बहुधा स्पष्ट लिहिलेले असते. ‘११० एच.पी. ले रोन’ असे वाचता आले तर अ‍ॅव्हरो ५०४के या शिकाऊ विमानाकडे बोट जाते. ‘२३० एच.पी.’च्या जोडीला बी.एच.पी. किंवा सिडली प्यूमा हे नाव असेल तर डी.एच.९ हे बॉम्बफेकी विमान. ‘४०० एच.पी. लिबर्टी’ असेल तर त्याचा पुढचा भाऊ डी.एच.९ए. रोल्स-रॉइस फाल्कन असेल तर ब्रिस्टल फायटर. पुष्कळदा विमानाचे नावही जवळच ठोकलेले असते. मग अंदाज बांधण्याचे कामच उरत नाही.

‘डी’ या अक्षरापुढचा आकडा म्हणजे व्यास, आणि ‘पी’ पुढचा आकडा म्हणजे पिच. ब्रिटिश पंख्यांवर दोन्ही मिलिमीटरमध्ये असत. पिच समजायला सोपी आहे: स्क्रू लाकडात एका फेऱ्यात जेवढा आत शिरतो, तेवढे अंतर. पंखा हवेत शिरणारा स्क्रूच असतो. व्यासाचा आकडा वाचल्यावर टेप लावून पंखा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजावा. गाभ्यावर २७४० लिहिले असेल तर लांबी जवळजवळ नऊ फूट भरली पाहिजे. ती आठच भरली तर कुणीतरी टोके छाटली आहेत. युद्धानंतर मोडक्या पंख्यांची अशी काटछाट सर्रास झाली. गाभ्याच्या भोकात घड्याळ बसवून तो भिंतीवर लावण्याची इंग्रजी घरांत मोठी हौस होती.

५/
यानंतर येतो आराखड्याचा क्रमांक, आणि हौशी संशोधकाचा खरा आनंद इथे आहे. क्रमांकाआधीची अक्षरे सांगतात की आराखडा कोणत्या कार्यालयाच्या नोंदीतला. ‘ए.डी.’ म्हणजे नौदलाचा हवाई विभाग, ‘ए.बी.’ म्हणजे एअर बोर्ड, ‘ए.एम.’ म्हणजे एअर मिनिस्ट्री. एअर मिनिस्ट्री अस्तित्वात आली जानेवारी १९१८ मध्ये. म्हणून पंख्यावर ‘ए.एम.’ असेल आणि घरात कुणी सांगत असेल की तो १९१५चा, तर दोघांपैकी एकाची साक्ष खोटी. लाकडाला खोटे बोलण्याचे कारण नसते.

‘जी’ आणि ‘एन’ या अक्षरांपुढे आकडे आढळतात. पहिला तुकडीचा म्हणजे बॅचचा, दुसरा त्या बॅचमधला त्या पंख्याचा अनुक्रमांक. शिवाय ‘ए.आय.डी.’ ही अक्षरे असलेले लहान शिक्के विखुरलेले दिसतात. ते ब्रिटिश विमान-तपासणी खात्याचे. लाकूड निवडले तेव्हा, थर चिकटवले तेव्हा, घडाई झाली तेव्हा तपासनीस पाहून शिक्का मारी. एकाच पंख्यावर असे पाच-सहा शिक्के सापडतात. त्या तपासनिसांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत, त्यांच्या हातोड्याचा घाव मात्र शिल्लक आहे.

कारखान्याचे नावही असते: वेब्रिजची लँग, लंडनची इंटिग्रल, नॉरिचची बोल्टन अँड पॉल अशी कितीतरी. मागणी एवढी वाढली की खुर्च्या-कपाटे घडविणारे कारखानेही या कामाला जुंपले गेले. ज्या हातांनी कालपर्यंत जेवणाची टेबले केली, ते हात आता मिलिमीटरच्या हिशेबात पाती तासू लागले.

६/
एक सावधगिरी. ‘एच.पी.’ ऐवजी ‘पी.एस.’ दिसले तर पंखा जर्मन, कारण अश्वशक्तीचे जर्मन संक्षेपाक्षर ते आहे. जर्मन पंख्यांवर कारखान्याची मोठी रंगीत मोहर असे: अ‍ॅक्सियल, वोल्फ, हाइने... आणि ‘गारुडा’. होय, बर्लिनच्या एका प्रोपेलर कंपनीचे नाव विष्णूच्या वाहनावरून ठेवलेले होते. असा पंखा उद्या विदर्भात निघाला तर ‘प्राचीन भारतीय विमानविद्येचा पुरावा’ म्हणून तो किती वेगाने पसरेल याची कल्पना करून पाहावी. नाव संस्कृत, कारखाना बर्लिनचा, इंजिन बहुधा मर्सिडीजचे.

७/
अक्षरे पुसली गेली असली तरी लाकूड बोलते.

खरा पंखा एका ओंडक्यातून कोरलेला क्वचितच असतो. पाऊण-एक इंच जाडीच्या फळ्या एकावर एक, थोड्या पंख्यासारख्या सरकवून, सरसाने चिकटवतात आणि मग त्यातून पीळ काढतात. म्हणून पात्याच्या कडेला थरांच्या समांतर रेषा नकाशातील समोच्च रेषांसारख्या वाहताना दिसतात. एकसंध लाकूड उन्हापावसात एका बाजूला ओढ घेते आणि तडकते. थरांचे लाकूड एकमेकांना धरून ठेवते. लाकूड मुख्यतः महोगनी किंवा अक्रोड.

साग मात्र या कामाला फारसा आवडता नव्हता. ज्या नैसर्गिक तेलामुळे वाळवी सागाला टाळते, तेच तेल सरसाची पकड सैल करते. यवतमाळात कोणतेही जुने तपकिरी लाकूड ‘सागवानी’ ठरते. हा या मातीचा अभिमान आहे आणि तो समजण्यासारखाही आहे. पण पंखा खरोखर अखंड सागाचा निघाला तर आनंदाआधी संशय यावा.

पितळी पत्र्याच्या टोकाशी बारीक छिद्रे असतात, ती पाहावीत. पाते फिरताना आत शिरलेले पाणी बाहेरच्या दिशेला फेकले जाते, त्याला वाट हवी म्हणून ती पाडलेली असतात. शोभेसाठी केलेल्या नकलेत हे छिद्र बहुधा नसते, कारण नक्कल करणाऱ्याला त्याचे काम माहीत नसते. गाभ्याच्या तोंडावर लोखंडी तबकडीचा दाब पडल्याची वर्तुळाकार खूण आहे का, बोल्टांच्या भोकांच्या कडा दबल्या आहेत का, हेही पाहावे. कधीच इंजिनाला न लागलेल्या पंख्यावर या खुणा नसतात.

८/
नकलांचा बाजार आज मोठा आहे. हॉटेलांच्या भिंतींसाठी ‘अँटिक’ प्रोपेलर घाऊक भावाने तयार होतात. त्यांच्यावर अक्षरेही ठोकलेली असतात, पण ती सुंदर, ठळक आणि मधोमध असतात. अस्सल अक्षरे कामगाराने घाईत ठोकलेली, किंचित वाकडी, एकावर एक चढलेली. ती पाहुण्यांनी वाचावीत म्हणून कधी लिहिलीच नव्हती.

९/
आता त्या ‘निजामाच्या विमाना’कडे वळू. ही आख्यायिका निराधार नाही, आणि म्हणूनच ती अधिक फसवी आहे.

वऱ्हाड नावापुरता निजामाचा मुलूख होता. १८५३च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. १९०२ मध्ये तो वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना मिळाला आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. यवतमाळ जिल्हा तेव्हा ‘वणी’ जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. सार्वभौमत्व हैदराबादचे, राज्य लंडनचे, आणि कापूस पिकवणारा शेतकरी वणी-दारव्ह्याचा, अशी ही व्यवस्था होती.

महायुद्धात सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिश हवाई दलाला विमानांसाठी देणगी दिली. त्या देणगीतून ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला डी.एच.९ए विमाने मिळाली आणि स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव लाभले. विमानांवर निजामांची भेट असल्याचा मजकूर रंगवलेला होता. १ सप्टेंबर १९१८ रोजी ही तुकडी फ्रान्समध्ये दाखल झाली आणि उरलेले अडीच महिने जर्मन शहरांवर बॉम्बफेक करीत राहिली. तिचे नुकसानही जबर झाले.

१०/
इथे थांबून विचार करावा. निजामाच्या पैशाची विमाने इंग्लंडमध्ये बांधली गेली आणि फ्रान्समध्ये लढली. युद्धात ती वऱ्हाडात कधीच आली नाहीत. मग दारव्ह्याच्या माळ्यावर ‘४०० एच.पी. लिबर्टी’ अक्षरांचा पंखा निघाला, तरी तो निजामाच्या तुकडीचा ठरत नाही. १९२० च्या दशकात ब्रिटिश हवाई दलाच्या २७ आणि ६० क्रमांकाच्या स्क्वाड्रन हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर हेच विमान वापरत होत्या. पंख्याचा हिंदुस्थानातला संभव तिथून अधिक. सरहद्दीवरून परतलेला एखादा फौजी, लष्करी भंगाराचा लिलाव, रेल्वेने आलेली पेटी, अशा वाटा शोधाव्या लागतील.

मुद्दा हा की अक्षरे ‘काय’ ते सांगतात, ‘कुठून’ ते सांगत नाहीत. पंख्यावर प्रकार लिहिलेला असतो. तो कोणत्या एका विमानाला जोडला होता हे बहुधा लिहिलेले नसते. पंखे झिजत, मोडत, बदलले जात. एका विमानाला त्याच्या आयुष्यात अनेक पंखे लागत. ‘काय’ हे लाकडावरून आणि ‘कुठून’ हे कागदावरून सिद्ध करायचे. जुने पत्र, लिलावाची पावती, सैनिकाचे सेवापुस्तक, घरातील जुने छायाचित्र. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की चांगला पुरावा वाईट गोष्टीला कामी येतो.

११/
दोन्ही साक्षी जुळल्या की काय होते, याचे उदाहरण त्याच निजामी तुकडीचे आहे. एफ१०१० क्रमांकाचे तिचे एक डी.एच.९ए विमान ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती सापडले. ते बर्लिनच्या संग्रहालयात ठेवले गेले, दुसऱ्या महायुद्धाच्या उलथापालथीत पोलंडमध्ये गेले, आणि १९७७ मध्ये एका स्पिटफायरच्या मोबदल्यात लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे आले. तीन देश, दोन महायुद्धे, आणि तरी ओळख सुटली नाही, कारण क्रमांक टिकला आणि प्रत्येक टप्प्याची नोंद टिकली. त्या विमानाशी निजामांचे नाव जोडलेले राहिले. ज्या मुलखाच्या पट्ट्यापोटी वर्षाला २५ लाख ठरले होते, त्या मुलखाचे नाव त्यावर नाही. देणगीचा नेमका रुपया कोणत्या थैलीतून आला हे शोधण्याचा अट्टहास करण्यात अर्थ नाही. पण निजामांच्या विमानाची गोष्ट सांगणाऱ्या वऱ्हाडी तरुणाने आपल्या गावच्या कापसाचा उल्लेख तरी करावा.

१२/
घराजवळच्या शक्यता आधी तपासाव्यात, हा दुसरा नियम. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आत. १९४९ मध्ये रात्रीच्या टपालविमानांची सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. रोमहर्षक प्रकरण आहे, आणि कुणालाही वाटेल की पंखा तिथलाच. पण ती डकोटा विमाने, त्यांचे पंखे धातूचे. लाकडी पंख्याचा तिथे संबंध नाही.

टायगर मॉथचा मात्र आहे. दुसऱ्या महायुद्धात हैदराबादच्या बेगमपेठ येथे याच विमानावर वैमानिकांना पहिले धडे दिले जात, आणि स्वातंत्र्यानंतर देशभरच्या फ्लाइंग क्लबांतही ते वर्षानुवर्षे उडत राहिले. जिप्सी मेजर इंजिन, दोन पात्यांचा लाकडी पंखा, लांबी साडेसहा फुटांच्या आसपास. विदर्भात लाकडी प्रोपेलर निघालाच तर पहिला अंदाज हा असावा. तो निजामाइतका भरजरी नाही. खरा असण्याची शक्यता मात्र जास्त आहे.

१३/
तारखेच्या बाबतीत यवतमाळकडे स्वतःचा धडा आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ ‘शकुंतला’ रेल्वेच्या सिग्नलांवर ‘लिव्हरपूल’ आणि ‘१८९५’ ही अक्षरे ओतलेली आहेत. ही लहान गाडी कापूस वाहून नेण्यासाठी क्लिक निक्सन कंपनीने बांधली ती १९०३ च्या सुमारास. म्हणजे सिग्नल रेल्वेपेक्षा वयाने मोठा. नुसता आकडा वाचून ‘यवतमाळला १८९५ मध्ये रेल्वे आली’ असे लिहिणारा फसतो. तिचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनले, १९२३ मध्ये रुजू झाले आणि एप्रिल १९९४ पर्यंत धावले. घडणीचे साल, रुजू होण्याचे साल आणि निवृत्तीचे साल, तिन्ही वेगळी. पंख्यावरचा शिक्का फक्त पहिल्याबद्दल बोलतो.

१४/
या ठिकाणी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघणार, हे गृहीत धरायला हरकत नाही. तळपदे ही मुंबईत होऊन गेलेली खरी व्यक्ती. १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांनी विमान उडवले ही कथा मराठी घरांत प्रेमाने सांगितली जाते. त्या यंत्राचा एक तुकडा, एक खिळा, समकालीन खात्रीलायक नोंद असलेले एक चिठोरे समोर असते, तर चर्चा वेगळी झाली असती. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार या कथेला दिला जातो, त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला. तळपद्यांच्या जिद्दीचा आदर राखूनही सांगावे लागते की माळ्यावरच्या एका मोडक्या, पण अक्षरे शाबूत असलेल्या पंख्याला इतिहासात त्या संपूर्ण कथेपेक्षा अधिक वजन आहे.

१५/
अडगळीतून इतिहास निघतो, याचा भारतातला सर्वांत मोठा दाखला राजस्थानातील बिकानेरचा. युद्ध संपल्यावर ब्रिटनने आपल्याकडची अतिरिक्त विमाने वसाहतींना भेट दिली. हिंदुस्थानच्या वाट्याला शंभर आली, त्यांत डी.एच.९ आणि अ‍ॅव्हरो ५०४के होती. त्यांपैकी काही डी.एच.९ बिकानेरच्या संस्थानात पोचली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे सांगाडे तिथल्या जुन्या हत्तीखान्यात आढळले. लाकूड वाळवीने पोखरलेले, कापड गेलेले. त्यांपैकी डी५६४९ आज इंग्लंडमध्ये डक्सफर्डच्या संग्रहालयात आहे, आणि ई८८९४ पुनर्बांधणीनंतर मे २०१९ मध्ये पुन्हा आकाशात उडाले. एक विमान बिकानेरच्या जुनागड किल्ल्यात पाहता येते. इंग्रजांनी आपली विमाने आपल्याकडून परत विकत नेऊन उडवली, याचा राग मानावा की आपण ती हत्तींच्या शेजारी का ठेवली याची लाज, हे ज्याने त्याने ठरवावे. हत्तीखान्यात कुणी ती घासून चकचकीत केली नाहीत, हे मात्र नशीबच.

१६/
शिक्क्यातले एक अक्षर किती मोलाचे असते, हे सांगणारी एक मराठी कहाणी आहे.

मुंबईचा तरुण श्रीकृष्ण वेलिंगकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता. २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये तो सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान चालवी. जून १९१८ च्या अखेरीस तो गस्तीवर गेला आणि परतला नाही. त्या काळी मृत वैमानिकाच्या थडग्यावर अनेकदा मोडक्या प्रोपेलरचाच क्रूस उभारत आणि त्यावर नाव लिहीत. वेलिंगकरचे थडगे मात्र सापडेना. जर्मनांनी त्याला पुरले होते आणि वरचे नाव ‘वुमकर’ असे काहीतरी झाले होते. युद्ध संपल्यावर शोध घेणाऱ्या त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने ते विद्रूप नाव वाचले, तारीख आणि ठिकाण ताडून पाहिले आणि ओळखले की हा तोच. ३० जून १९१८ ही त्याच्या मृत्यूची तारीख. फ्रान्समधील हँगार्ड येथे त्याची समाधी आहे.

कुणी त्या पाटीचा रंग ‘नीट’ केला असता, किंवा न कळणारे नाव म्हणून ती फेकली असती, तर मुंबईतल्या आईला मुलगा कुठे निजला आहे ते कळले नसते. चुकीचे लिहिलेले नावही पुरावाच होते. म्हणून पंख्यावरचे अर्धवट, न लागणारे, चुकीचे वाटणारे अक्षरही जसे आहे तसेच उतरवून घ्यावे. ‘३’ आहे की ‘८’ हे कळत नसेल तर तसे लिहावे, एक निवडून मोकळे होऊ नये.

१७/
काम करण्याची पद्धत साधी आहे आणि खर्च शून्याच्या जवळ. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झाडावी. पाणी, जवस तेल, रॉकेल काहीही लावू नये, तारेचा ब्रश तर घरातही आणू नये. रात्री दिवे मालवून विजेरी गाभ्याला अगदी आडवी धरावी. दिवसा न दिसणारी अक्षरे सावलीने उठून येतात. पतंगाचा पातळ कागद त्यावर ठेवून शिसपेन्सिल हलकी फिरवली की ठसा कागदावर उतरतो. मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे घ्यावीत. पूर्ण लांबी, गाभ्याची जाडी, मधल्या भोकाचा व्यास, बोल्टांच्या भोकांची संख्या आणि थरांची संख्या वहीत टिपावी. ठशाशेजारी खडूने अक्षरे गिरवण्याचा मोह आवरावा, फोटो सुंदर येतो पण खडूची भुकटी खाचेत बसते. त्यानंतर घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला बसवून गोष्ट पूर्ण ऐकावी आणि तीही लिहून घ्यावी, तिच्या शब्दांत, दुरुस्त न करता. आख्यायिका हीदेखील एक नोंद आहे, फक्त तिची रांग दुसरी.

१८/
शेवटी कायद्याचा मुद्दा, कारण तो पैशाशी येऊन भिडतो. अशा वस्तूंना परदेशात चांगली किंमत येते आणि छायाचित्र फिरू लागले की विचारणा करणारे भेटतात. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेषाच्या व्याख्येत येऊ शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१८ चा पंखा आता त्या उंबरठ्याच्या आत आहे. १९४२ चा टायगर मॉथचा पंखा नाही. दोघांतला फरक सांगणारे गाभ्यावरचे चार आकडे सुताराने घासून टाकले, तर मालकालाच सांगता येणार नाही की आपल्या घरात कायद्याने जपायची वस्तू आहे की हौसेने टांगायची. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे जुन्या माणसांचा अजब बंगला, १८६३ पासून उभे आहे. यवतमाळहून तिथे सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. पंखा जागेवरच ठेवावा. सोबत कागदावर घेतलेला ठसा, मापांची वही आणि छायाचित्रे नेली तरी पुरे.